बेसवर पिक: बोटांनी वाजवणाऱ्याने सुरुवात कुठून करावी

मी अकरा वर्षं बेस (चार जाड तारांची बेस गिटार) फक्त बोटांनी वाजवला. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) टेकलेला. मग एका रेकॉर्डिंगला दोन गिटारी भरपूर डिस्टॉर्शन लावून वाजत होत्या. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दादा, मीटरवर बेस दिसतोय, पण कानाला लागत नाहीये. पिकने वाजवून बघता का?" गिटारवाल्याकडून एक पिवळं पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पत्ती, मागून घेतलं आणि बसलो. दहा मिनिटांत लक्षात आलं की तार छेडण्यात काहीच अवघड नाही. छेडलेली तार छान वाजत होती. पंचाईत ही होती की तिच्याबरोबर उरलेल्या तिन्ही तारा पण वाजत होत्या.

त्या दिवशी तो टेक शेवटी बोटांनीच दिला. नंतरचे तीन-चार महिने घरी बसून पिक शिकलो. पिक शिकवणारे बहुतेक जण ते कसं धरायचं आणि वर-खाली कसं हलवायचं यावर वेळ घालवतात. बोटांनी वाजवणाऱ्याला त्याची गरज कमी असते. त्याचा उजवा हात नकळत जी शांतता राखत असतो, ती पिक हातात आल्याबरोबर जाते. ती परत कशी आणायची, यावर मी या लेखात सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

त्याआधी एक गैरसमज. "पिकने बेस वाजवतो तो नापास गिटारिस्ट" हे वाक्य मी स्वतः कट्ट्यावर बसून म्हटलेलं आहे, म्हणून मला ते फेडायचं आहे. कॅरल के या लॉस एंजेलिसच्या जॅझ गिटारिस्ट. १९६३ साली एका सेशनला बेसवाला आलाच नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला, आणि पुढे साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉप रेकॉर्डिंगमधल्या सर्वांत व्यस्त बेसिस्टपैकी एक झाल्या, तेही पिकनेच. येस या बँडचा ख्रिस स्क्वायर, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी, मोटरहेडचा लेमी, न्यू ऑर्डरचा पीटर हुक हे सगळे पिकवाले. यांच्यातल्या कुठल्याही दोघांचा आवाज सारखा नाही. मेटालिकाचं उदाहरण तर मजेशीर आहे: क्लिफ बर्टन बोटांनी वाजवायचा, त्याच्यानंतर आलेला जेसन न्यूस्टेड पिकने, आणि रॉबर्ट त्रुहियो पुन्हा बोटांनी. बँड तोच, पण खालचा आवाज दोनदा बदलला. आणि बोटं हीच बेसची 'मूळ' पद्धत असंही काही नाही. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला. जुन्या फेंडर बेसवर सर्वांत बारीक तारेच्या खाली एक छोटी दांडी दिसते. ती बोटं अडकवायला होती, कारण तार अंगठ्याने छेडली जाईल असा हिशेब होता.

कोणतं पिक घ्यायचं

गिटारवाल्याचं मागून घेऊ नका. ही माझी पहिली चूक.

इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत जाड तार साधारण ०.०४६ इंच असते. बेसच्या नेहमीच्या सेटमध्ये सर्वांत बारीक तार ०.०४५ आणि सर्वांत जाड ०.१०५ इंच. म्हणजे गिटारची जिथे संपते तिथे आपली सुरू होते. पातळ पिक अशा तारेवर आपटलं की आधी ते स्वतः वाकतं, मग तार सुटते. त्या वाकण्यात जो क्षण जातो तो कानाला 'बेस किंचित मागे पडतोय' असा ऐकू येतो. ड्रमर तुमच्याकडे बघायला लागतो. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकमध्ये रंगावरून जाडी कळते: पिवळं ०.७३ मिलिमीटर, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. सुरुवातीला हिरवं आणि जांभळं अशी दोन्ही घ्या आणि आठवडाभर दोन्हींवर वाजवून बघा. दीड-दोन मिलिमीटरची दगडासारखी पिकंही मिळतात, पण ती इतक्यात नकोत. अजिबात न लवचणारं पिक हाताची प्रत्येक चूक मोठी करून ऐकवतं.

आकाराबाबत माझं मत ठाम आहे: मोठं त्रिकोणी घ्या. पकडायला जागा जास्त मिळते, आणि तिन्ही टोकं सारखी असल्याने एक झिजलं की फिरवून दुसरं वापरता येतं. बेसच्या राउंडवाउंड (गोल तारेची वेटोळी असलेल्या) तारा म्हणजे कानसच. तासभर वाजवलं की पिकअपच्या आसपास पिकच्या रंगाची भुकटी साचते. टोक गोल झालं की आवाज बोथट होतो आणि आपण उगाच ॲम्पची ट्रेबल वाढवत बसतो.

एकाच जाडीची निदान सहा तरी एकदम घ्या. पिकं कुठे जातात हे आजवर कोणाला कळलेलं नाही. (घरी "पिक आणायला चाललोय" म्हटलं की अजून एकदा तरी "कसलं, ज्वारीचं?" असं कोणीतरी विचारतंच.)

धरायचं कसं

उजव्या हाताची मूठ सैल मिटा, दार ठोठावताना असते तेवढीच. तर्जनीच्या पहिल्या पेराच्या कडेवर पिक ठेवा, टोक तारेकडे, आणि वरून अंगठा टेकवा. अंगठ्याचा मांसल भाग पिकवर हवा, नुसतं टोक नको. पिकचा चार-पाच मिलिमीटरच भाग बाहेर दिसला पाहिजे. बोटांनी वाजवणारे सुरुवातीला खूप जास्त बाहेर ठेवतात, कारण त्यांना बोटाच्या लांबीची सवय असते. मग लांब टोक तारेत खोल शिरतं आणि अडकतं.

उरलेली तीन बोटं ताठ पंख्यासारखी पसरू नका, सैल राहू द्या. करंगळीचं टोक बेसच्या अंगाला हलकं लागलं तर चालेल. तिच्यावर भार टाकलात तर मनगट अडकेल.

पकड किती घट्ट? सरोदवाला जवा (सरोदचं पिक) धरतो तेवढी, असं मी सांगतो, पण सरोद कोणी जवळून पाहिलेला नसतो. दुसरी खूण अशी: डाव्या हाताने पिकचं टोक ओढलं तर ते थोड्या प्रयत्नाने निसटलं पाहिजे. निसटलंच नाही तर अंगठ्याच्या मुळाशी अर्ध्या तासात दुखायला लागेल.

घामाचं काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. मे महिन्यातलं हॉल नसलेलं स्टेज किंवा भाद्रपदातला मंडळाचा मांडव, वर हॅलोजन, आणि पिक हातात माशासारखं फिरतंय. यावर तीन उपाय चालतात. पृष्ठभाग खरखरीत असलेलं नायलॉनचं पिक घ्या. नाहीतर पॉलिश पेपरने पिकचा पकडीचा भाग दोन्हीकडून घासा. किंवा मधोमध कागद पंच करायच्या यंत्राने भोक पाडा. त्या भोकातून अंगठा आणि तर्जनीचं मांस एकमेकांना लागतं आणि पिक फिरत नाही. जाड पिकला साधं पंच पुरत नाही, तिथे बारीक ड्रिल लागतं. मी भोकवालं वापरतो.

हात कुठे टेकवायचा

अंगठा पिकअपवर टेकवून बोटं चालवणाऱ्याला पिक घेतल्यावर हात हवेत तरंगल्यासारखा वाटतो. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजच्या (बेसच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या) थोडं पुढे टेकवा. तिथून पिक साधारण ब्रिजच्या पिकअपच्या आसपास पोचतं. प्रिसिजनसारखा एकच पिकअप असेल तर त्याच्या थोडं मागे. बेसच्या मानेकडे सरकलात की आवाज गोल होतो, ब्रिजकडे सरकलात की कडक. बोटांनी वाजवताना हा फरक असतोच, पिकने तो दुप्पट जाणवतो, त्यामुळे एका गाण्यात हात नकळत इकडेतिकडे सरकला तर श्रोत्याला दोन बेसिस्ट वाटतात.

कोपर बेसच्या कडेवर दाबून ठेवू नका, हाताच्या रक्तवाहिन्या दबतात. पट्टा जरा आखूड करा. बेस गुडघ्यापर्यंत लोंबत ठेवून पिक वाजवणारे फोटोत देखणे दिसतात, पण त्या उंचीला मनगट काटकोनात वाकतं. बसून सराव करताना बेस ज्या उंचीला असतो, उभं राहिल्यावरही साधारण तिथेच ठेवा.

उरलेल्या तीन तारा

आता मुख्य भाग. बोटांनी वाजवताना उजवा हात काय काय करत होता ते आधी नीट समजून घ्या. बेसच्या चार तारा, जाडीकडून बारीककडे, इ, ए, डी, जी. ए तार छेडली की बोट पुढे जाऊन इ तारेवर विसावतं, म्हणजे इ आपोआप बंद. डी वाजवली की बोट ए वर विसावतं, आणि अंगठा सरकून इ वर आलेला असतो. म्हणजे वाजणाऱ्या तारेपेक्षा जाड असलेल्या सगळ्या तारा उजवा हात फुकटात बंद करत होता. आपण ते कधी शिकलो नाही, छेडण्याच्या क्रियेतच ते होतं. पिकमध्ये ते नाही.

सतारीला तरफा असतात, माहीत असेल. त्या कोणी छेडत नाही, पण वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप गुणगुणतात. बेसला तरफा नाहीत, पण मोकळी सोडलेली प्रत्येक तार तरफेसारखीच वागते. सतारीत तो गुण, बेसमध्ये मात्र चिखल. खालच्या पट्टीत एकमेकांत मिसळलेले दोन सूर कानाला वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती घुमघुम ऐकू येते.

तपासायची पद्धत अशी. ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पाचवी) डी वाजवा. दोन सेकंद वाजू द्या आणि डाव्या बोटाचा दाब काढा, बोट तारेवरच ठेवून. आवाज पूर्ण थांबला पाहिजे. डी अजून ऐकू येत असेल तर तो मोकळ्या डी तारेचा आहे. ही झाली बारीक तारांची चाचणी. जाड तारांसाठी ए तारेच्या सातव्या फ्रेटवर इ वाजवा आणि तसंच थांबवा. मोकळी इ तार त्याच्या एक सप्तक खाली लागलेली असते, ती छेडल्याशिवायच वरच्या इ च्या सुरात गुणगुणायला लागते. थांबवल्यावर तो हलका सूर ऐकू आला तर उजवा हात काम करत नाहीये.

उपाय दोन हातांत वाटून घ्यायचा.

वाजणाऱ्या तारेपेक्षा बारीक तारा डाव्या हाताकडे. तर्जनी नुसती टोकावर उभी न करता थोडी आडवी करा, म्हणजे तिचा खालचा भाग पुढच्या तारांना अलगद लागेल. दाबायचं नाही, नुसतं झाकायचं. बोटांनी वाजवताना ही सवय तुम्हाला थोडीफार असेलच, आता ती पक्की करायची. शिवाय तर्जनीचं टोक शेजारच्या एका जाड तारेला किंचित टोचू द्या, तेवढीच अजून एक तार बंद.

जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेकडे. इ वाजवताना कड तारांच्या बाहेर, ब्रिजवर. ए वाजवायची तर कड एका तारेने पुढे सरकून इ वर. डी साठी इ आणि ए दोन्हीवर, जी साठी तिन्हीवर. म्हणजे पिक ज्या तारेवर जाईल, त्याच्या मागोमाग अख्खा हात जातो. नुसतं मनगट वळवून पिक पुढे पोचवायचं नाही. गिटारवाल्याला हे सहज जमतं असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या तारा ब्रिजवर एकमेकींपासून साधारण साडेदहा मिलिमीटरवर असतात. चार तारांच्या बेसवर हेच अंतर सहसा एकोणीस मिलिमीटर. म्हणून गिटारचा सराव इथे पूर्ण उपयोगी पडत नाही.

हा सराव संथच करावा लागतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. एका तारेवर एक सूर चार मात्रा धरा, मग चार मात्रा संपूर्ण शांतता, मग पुढची तार. शांततेच्या चार मात्रांमध्ये कान लावा. ॲम्प लावूनच करा, ॲम्पशिवाय ही घुमघुम ऐकूच येत नाही आणि आपण खूश होतो. मी पंधरा दिवस रोज वीस मिनिटं फक्त हेच केलं. कंटाळवाणं होतं, पण त्यानंतर जे जे शिकलो ते भरभर आलं.

दा आणि रा

खाली मारलेला आघात आणि वर मारलेला आघात यांना सरोदवाल्यांकडे दा आणि रा हे बोल आहेत. मी तेच वापरतो, कारण तोंडाने म्हणता येतात.

डाव्या हाताने चारही तारा झाकून टाका, म्हणजे सूर न येता नुसता 'खट्' आवाज येईल. एका मात्रेत दोन आघात: आधी दोन मिनिटं फक्त दा-दा-दा-दा, मग दोन मिनिटं दा-रा-दा-रा. मात्रेवर नेहमी दा, मधल्या जागेवर रा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांचा रा अर्धा झालेला असतो, कारण तो गुरुत्वाकर्षणाच्या उलट जातो आणि पिक तारेला वरवर लागतं. जोर वाढवून हे सुटत नाही. पिक दोन्ही वेळा तारेखाली सारखंच, दोन-तीन मिलिमीटर, जायला हवं. काही दिवस मुद्दाम उलटं करा: रा ठसठशीत, दा हलका.

यापुढचा सराव पाश्चात्त्य पुस्तकांत मला मिळाला नाही, तो तबल्यावरून घेतला. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीन. दर मात्रेला एक आघात ठेवून दा-रा-दा, रा-दा-रा असं वाजवा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दा येतो आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे 'खाली'च्या जागी, रा. दोन्ही ठिकाणी ठोका सारखा आला पाहिजे. ते जमलं की रूपक, सात मात्रा: तीन, दोन, दोन. सात ही विषम संख्या, त्यामुळे पहिल्या आवर्तनात सुरुवात दा ने होते, दुसऱ्यात रा ने. ऐकणाऱ्याला कोणतं आवर्तन दा चं आणि कोणतं रा चं हे ओळखता आलं नाही, की तुमचा हात तयार झाला.

फक्त दा वापरून वाजवणं हे वेगळं कसब आहे. रामोन्स या बँडचा डी डी रामोन जवळजवळ सगळं दा वरच वाजवायचा. प्रत्येक ठोका सारखा, म्हणून पंक आणि मेटलमध्ये ते शोभतं. पण १६० च्या लयीत एका मात्रेत दोन म्हणजे मिनिटाला ३२० आघात होतात, आणि ते मनगटातून आले पाहिजेत. १०० पासून सुरू करा. कोपरापासून हात ताठ व्हायला लागला की ती आजची मर्यादा, तिथून पाच खाली या. ताठ हाताने पुढे रेटत राहिलात तर उद्या अजून खाली यावं लागेल.

तार बदलताना

एका तारेवर चार आघात आणि मग पुढची तार, हे फार त्रास देत नाही. चार संपतात रा वर आणि नवी तार सुरू होते दा वर. त्रास तीनच्या गटांत होतो. इ तारेवर दा-रा-दा झालं की पिक इ आणि ए च्या मधे उभं असतं, आणि पुढचा आघात ए वर रा हवा आहे. म्हणजे ए तारेला न लागता तिच्या पलीकडे जाऊन परत वर यायचं. एकोणीस मिलिमीटरचा हा छोटा उड्डाणपूल सुरुवातीला फसतोच.

पळवाट आहे: रा च्या ऐवजी पुन्हा दा मारायचा, पिक खाली पडताना पुढच्या तारेवर आपोआप येतंच. जॅझ गिटारवाले ही युक्ती सर्रास वापरतात. माझा सल्ला आहे की पहिले तीन महिने ती वापरू नका. मात्रेवर दा हा नियम एकदा मोडला की लयीचा आधार जातो, आणि बेसिस्टचं खरं काम लयीचं आहे. हात पक्का झाल्यावर जिथे सोयीचं तिथे खुशाल वापरा.

सप्तकाच्या उड्या स्वतंत्र करा. इ तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी, डी तारेच्या पाचव्या फ्रेटवर वरचा जी, मधली ए तार तर्जनीच्या आडव्या भागाने बंद. पिकला इथे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापायचं असतं. बोटांनी हेच करताना तर्जनी एका तारेवर आणि मधलं बोट दुसऱ्यावर आधीच तयार असायचं, म्हणून अंतर जाणवलंच नव्हतं. डिस्कोच्या चालीची गाणी तुमच्या ग्रुपच्या यादीत असतील तर तिथे अजून तरी बोटांनीच वाजवा. मीही तेच करतो.

सूर किती लांब ठेवायचा

पिकचा आघात टोकदार असतो. सुराची सुरुवात स्वच्छ ऐकू येते, त्यामुळे तो संपतो कुठे हेही लगेच उघडं पडतं. बोटांच्या मऊ आवाजात झाकली जाणारी ढिलाई इथे झाकत नाही.

तळहाताची कड ब्रिजच्या अगदी पुढे, वाजणाऱ्या तारेवरच हलकी टेकवली की सूर तोकडा आणि जाड होतो, कॉन्ट्राबासची (उभ्या मोठ्या बेसची) आठवण करून देणारा. कड मिलिमीटरभर पुढे गेली तरी फरक पडतो, म्हणून हा सराव कानाने करा, मोजून नाही. हाताला हे झेपत नसेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. भांडी घासायचा नवा स्पंज कापून चालतो. यात लाज वाटायचं कारण नाही. कॅरल के ब्रिजजवळ तारांवर फेल्टची पट्टी ठेवायच्या. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन पिक वापरत नसे, उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा, पण त्याच्याही ब्रिजच्या झाकणाखाली फोम होता.

बेस आणि ॲम्पमध्ये काय बदलायचं

फार काही नाही. तार फ्रेटवर खणखण आपटायला लागली तर लगेच ब्रिज उचलू नका. बहुधा तुम्ही तारेला लाकडाच्या दिशेने ढकलताय. पिक बेसच्या अंगाला समांतर चाललं पाहिजे. ते सुधारूनही खणखण राहिली तर मग पाव फेऱ्याने तार वर घ्या.

बेसवरचं टोनचं बटण अर्ध्यावर आणा. पिकची टिकटिक दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास असते, ती थोडी कमी केली की खालचा देह ऐकू येतो. संपूर्ण काढली तर मग पिक घेतलंच कशाला? कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र) असेल तर रेशो (किती दाबायचं) चारास एक आणि अटॅक (किती वेळाने दाबायला लागायचं) वीस मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून सुरू करा. तेवढ्या वेळात ठोका निसटून जातो आणि मागचा सूर सारखा होतो. टिकटिक अति वाटली तर अटॅक कमी करत या.

तारेवर पिक घासल्याचा 'खर्र' आवाज येतो तो पिक तिरकं धरल्यामुळे. टोकाची कड तारेच्या वेटोळ्यांवरून करवतीसारखी फिरते. पिक तारेशी जितकं समांतर तितकी खरखर कमी, पण अगदी सपाट धरलं तर ते अडकतं. थोडासा तिरकेपणा ठेवा. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारांवर हा प्रश्नच येत नाही, आणि पिक अधिक फ्लॅटवाउंड हा आवाज एकदा ऐकून बघाच. ख्रिस स्क्वायर तर पिकने तार छेडताछेडता अंगठ्याचं मांसही तिला लागू द्यायचा, त्याच्या त्या गुरगुरत्या आवाजातला मोठा वाटा तिथलाच. हे शेवटी कधीतरी करून बघा, सुरुवातीला नाही.

दुखण्याबद्दल: अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराखाली थकवा येणं पहिल्या आठवड्यांत होतं. दर वीस मिनिटांनी हात खाली सोडून झटका. मुंग्या येत असतील किंवा वाजवणं थांबवल्यावरही दुखणं राहत असेल तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.

एकाच गाण्यात दोन्ही

स्टेजवर खरी अडचण येते ती अंतऱ्यात बोटं आणि मुखड्याला पिक हवं असताना. पिक तोंडात धरणारे आहेत, मला ते आवडत नाही, कोरस गाता येत नाही. मी पिक अनामिका आणि करंगळीने तळहातात दाबून ठेवतो, तर्जनी आणि मधलं बोट वाजवायला मोकळी राहतात. परत घेताना अंगठा आत नेऊन पिक तर्जनीच्या कडेवर ढकलायचं. टीव्ही बघताना नुसत्या हाताने हे शंभरदा करा, बेस लागत नाही. मग मेट्रोनोम ८० वर लावून चार आवर्तनं पिकने, चार बोटांनी, मधे एकही मात्रा न सोडता. बदलण्यासाठी दोन मात्रा लागत असतील तर त्या दोन मात्रांत डाव्या हाताने हॅमर मारून, म्हणजे बोट तारेवर आपटून, सूर चालू ठेवा.

एक लक्षात ठेवा: पिकचा आवाज बोटांपेक्षा मोठा जातो. साउंड चेकला दोन्ही वाजवून दाखवा, नाहीतर साउंडवाला बोटांवर लेव्हल लावेल आणि मुखडा आला की त्याची धावपळ होईल. माइक स्टँडला दुहेरी चिकटपट्टीने तीन पिकं लावून ठेवा, उजव्या हाताच्या बाजूला, डोळे मिटून सापडतील अशा उंचीवर. चौथं खिशात, पण ज्या खिशात सुटे पैसे असतात त्यात नको. मी एकदा अंधारात रुपयाच्या नाण्याने अख्खं कडवं वाजवलं आहे. वाईट नव्हतं, पण तारा बदलाव्या लागल्या.